कडक क्लच आणि पसरणीचा घाट

पुण्याहून भिलारला जायचे म्हणजे तीन घाट चढावे लागतात. पहिला कात्रजचा, दुसरा खंबाटकीचा आणि तिसरा वाईच्या पुढचा पसरणीचा. एस.टी.ने जाणाऱ्याला हे घाट खिडकीतून दिसतात. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला ते डाव्या हाताला कळतात. वळण आले की क्लच दाबायचा, गिअर बदलायचा, पुढे उसाचा ट्रॅक्टर आला की पुन्हा दाबायचा. शंभर किलोमीटरच्या वर असलेल्या या वाटेवर चार बोटे किती वेळा आवळावी लागतात याची मोजदाद कोणी ठेवत नाही. गाडी चांगली असेल तर ठेवण्याची गरजही पडत नाही.

आमच्याजवळची गाडी मात्र ती मोजदाद ठेवायला लावणारी होती. शंभर सीसीची, नऊ वर्षे कोणीतरी वापरलेली मोटारसायकल आमच्या भाच्याने एका एजंटाकडून घेतली होती. ताईने भिशी उचलून पैसे उभे केले होते. मुलगा बारावी झालेला, घरोघर पार्सल पोचवण्याचे काम त्याला मिळाले होते आणि त्या कामाची पहिली अट म्हणजे स्वतःची गाडी. इंजिन ठणठणीत होते, कागदपत्रे नीट होती, टायरही बरे होते. फक्त क्लच फार कडक. दिवसभर पुण्याच्या सिग्नलवर तो दाबून दाबून महिन्याभरात पोराचे मनगट सुजले. रात्री जेवताना डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलेना.

त्याने गाडी घराजवळच्या एका गॅरेजात दाखवली. तेथे दोन गोष्टी सांगण्यात आल्या. एक, क्लच प्लेटा गेल्या आहेत, सगळा सेट बदलावा लागेल, अठ्ठावीसशे रुपये पडतील. दुसरी, नाहीतर असेच चालव, हाताला सवय होईल. अठ्ठावीसशे रुपये त्याच्याकडे नव्हते, म्हणून त्याने दुसरा सल्ला घेतला. ताई आम्हाला म्हणाली, "दादा, पोरगं म्हणतंय काम सोडतो. भिशीचे हप्ते अजून अकरा महिने आहेत." पोराने तर वेगळाच निष्कर्ष काढला होता. "मामा, माझ्या हातातच जोर नाही."

हे वाक्य आम्हाला खटकले. वजनाची पोती उचलणाऱ्या आजोबाचा हा नातू. त्याच्या हातात जोर नाही हे मानायला आम्ही तयार नव्हतो. जोर कमी नाही, काहीतरी अडते आहे, एवढे नक्की होते. काय अडते आहे ते शोधायचे होते.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत आम्हाला भिलारला जायचेच होते. वस्तीतल्या समाजमंदिराच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय सुरू करायचा विचार चालला होता आणि पुस्तकांचे गाव एकदा डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा होती. रविवार गाठून आम्ही भाच्यालाच म्हटले, "चल, तुझ्याच गाडीवर जाऊ. घाटात गाडीचा खरा स्वभाव कळतो." पहाटे साडेपाचला दांडेकर पुलाजवळून निघालो. स्वारगेट, धनकवडी मागे टाकून जुन्या कात्रज घाटाच्या वाटेला लागलो. हल्ली मोठी वाहने बाह्यवळणाच्या नव्या बोगद्यातून जातात, त्यामुळे जुना घाट पहाटे बराच शांत असतो. वर जुना बोगदा आहे. तेथे पोचेपर्यंत मागे पुण्याचे दिवे खाली पसरलेले दिसतात.

घाट उतरून खेड शिवापूरला चहाला थांबलो. येथपर्यंत भाच्याने गाडी चालवली होती. आता आम्ही इंजिन बंद ठेवून क्लच नुसता दाबून पाहिला. दाबताना जड लागत होता हे तर खरेच. पण सोडल्यावर तो खटकन जागेवर येण्याऐवजी रेंगाळत, आळसावल्यासारखा परत येत होता. ही खूण महत्त्वाची आहे. क्लचच्या आत स्प्रिंगा असतात. आपण दाबतो तो जोर त्या स्प्रिंगांविरुद्ध असतो. स्प्रिंगाच ताठ असत्या, तर त्यांनी दांडा तेवढ्याच जोराने परत ढकलला असता. दाबतानाही जड आणि सुटतानाही जड, म्हणजे वाटेत कुठेतरी घासते आहे.

ही वाट कोणती ते येथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ चालवणाऱ्यांना ती माहीत नसते. हँडलवर डाव्या बाजूला क्लचचा दांडा असतो. तो एका बोल्टवर फिरतो. दांड्याच्या खोबणीत वायरच्या टोकाची धातूची गुंडी बसते. ती वायर एका काळ्या आवरणातून हँडलच्या मानेजवळून, टाकीखालून इंजिनापर्यंत जाते. तेथे इंजिनाच्या बाजूला एक लहान आर्म असतो. वायर त्याला ओढते, आर्म फिरतो, आतली प्रेशर प्लेट स्प्रिंगांविरुद्ध उचलली जाते आणि तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा एकमेकींपासून सुटतात. दांडा सोडला की स्प्रिंगा प्लेटांना पुन्हा आवळून धरतात आणि इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. बहुतेक साध्या मोटारसायकलींची रचना अशीच असते.

आता यात प्लेटा झिजल्या तर काय होईल? त्या नीट पकड घेणार नाहीत. इंजिन रेस होईल, आवाज वाढेल, पण गाडी तेवढी ओढणार नाही. चढावर हे पहिल्यांदा कळते. जळका वास येतो. परंतु प्लेटा झिजल्यामुळे दांडा कडक होत नाही. दोन दुखणी वेगळी आहेत. पोट दुखते म्हणून दात काढून उपयोग नाही.

हे तपासण्यासाठी खंबाटकीचा घाट चांगला होता. पण त्याआधी शिरवळला आणखी एक गोष्ट कळली. नसरापूर फाटा, कापूरहोळ ही गावे मागे टाकत आम्ही नीरा नदीच्या पुलावर आलो. नीरा ही येथे पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा आहे. पूल ओलांडला की शिरवळ. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून भाच्याला म्हटले, "हँडल पूर्ण उजवीकडे वळव आणि क्लच दाब. आता पूर्ण डावीकडे वळव आणि दाब." त्याने केले आणि आमच्या तोंडाकडे पाहू लागला. डावीकडे वळवल्यावर क्लच आणखी जड होत होता.

हँडल वळवल्याने इंजिनाच्या आत काहीच बदलत नाही. बदलतो तो फक्त वायरचा बाक. विहिरीचे पाणी रहाटावरून ओढले तर पोर सुद्धा घागर वर काढते. तोच दोर काठाच्या दगडावरून ओढला तर मोठ्या माणसाला घाम फुटतो. घागर तीच, पाणी तेवढेच. वायरचेही तसेच आहे. जितका तीव्र बाक तितकी ती आवरणाला घासते. टाकीपुढे वाकून पाहिले तर मानेजवळ कोणीतरी वायर बाइंडिंगच्या तारेने फ्रेमला करकचून बांधली होती. बाजूला वायरचा मोठा वेटोळा लोंबू नये म्हणून हा उपाय केलेला दिसत होता.

खंडाळ्याच्या पुढे खंबाटकी चढू लागलो. हे साताऱ्याचे खंडाळे, लोणावळ्याजवळचे नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने तेव्हा घाट चढून जात आणि परतीची वाहने बोगद्यातून येत. एका ट्रकने मध्येच दम तोडल्यामुळे मागे लांबच लांब रांग लागली होती. पाच पावले पुढे, थांबा, पुन्हा पाच पावले. अशा वेळी क्लच सारखा दाबावा लागतो. वीस मिनिटांत भाच्याच्या कपाळावर घाम आला. बोटे सैल करायला त्याने हात हवेत झटकला. आम्ही जागा बदलली आणि गाडी हातात घेतली. अर्ध्या तासात आमच्याही अंगठ्याच्या मुळाशी कळ निघू लागली. पोर महिनाभर रोज दहा तास हे सोसत होते आणि वर स्वतःलाच दुबळे म्हणत होते.

रांग सुटल्यावर चढावर मुद्दाम वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला. दोन माणसांचे ओझे, समोर चढ, तरी इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढला. रेस झाली आणि गाडी मागे राहिली असे झाले नाही. जळका वास नाही. प्लेटा धडधाकट होत्या. अठ्ठावीसशे रुपये वाचल्याची खात्री आम्हाला खंबाटकीच्या माथ्यावर झाली.

घाट उतरून सुरूर फाट्याला महामार्ग सोडला आणि वाईचा रस्ता धरला. येथून दृश्य बदलते. दोन्ही बाजूंना हळदीची, उसाची शेते. फेब्रुवारीत वाईकडे हळद काढून शिजवण्याचे काम चालते. कायलींतून वाफ निघत होती आणि तिचा कढत, मातकट वास रस्त्यावर दाटला होता. बाया राशीभोवती बसून हळद निवडत होत्या. वाई हे कृष्णाकाठचे जुने गाव. घाट आणि देवळे यांसाठी लोक ते ओळखतात, पण मराठी विश्वकोशाचे काम वर्षानुवर्षे याच गावातून चालले हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते.

गावात शिरण्यापूर्वी रस्त्याला लागून एक पत्र्याचे गॅरेज दिसले. पन्नाशीचे मिस्त्री स्टोव्हवर चहा ठेवत होते. आम्ही काय काय पाहिले ते त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, दांडा एकदा दाबला, सोडला आणि म्हणाले, "पाव्हणं, प्लेटांचं काय बी न्हाई. वायर धरतीया." मग दहा नंबरचा पाना घेऊन त्यांनी पहिल्यांदा इंजिनाकडचे वायरचे टोक आर्ममधून सोडवले. आता दांड्याचा इंजिनाशी काही संबंध उरला नव्हता. भाच्याला म्हणाले, "दाब बघू आता." दांडा तरीही जडच होता. म्हणजे दोष दांडा आणि वायर यांतच. मग त्यांनी आर्म हाताने फिरवून पाहिला. आतल्या स्प्रिंगांचा नेहमीचा विरोध लागला आणि सोडताच आर्म झटक्यात परत आला. त्याच्या दांडीवर पाण्याने थोडा गंज धरला होता, तेथे तेलाचे दोन थेंब सोडले. इंजिन उघडायचे कारण राहिले नाही.

ही एकच युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. वायर इंजिनाकडून सोडा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. आम्ही कचेरीत हिशेब लिहितो. ताळेबंद जुळत नसला तर सगळी खतावणी नव्याने लिहीत नाही. आधी बेरीज तपासतो, मग एकेक पान. दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते कळले की काम अर्धे होते.

मिस्त्रींनी वायर बाहेर काढली तेव्हा सगळा उलगडा झाला. ती या गाडीची नव्हतीच. दुसऱ्या कुठल्या मॉडेलची, बोटभर लांब वायर कोणीतरी बसवली होती. लांबी जास्त म्हणून वेटोळा, वेटोळा लोंबतो म्हणून तारेने बांधला, बांधला म्हणून बाक, आणि बाकात पाणी साचून आत गंज. वरच्या गुंडीला आणि दांड्याच्या बोल्टला वर्षानुवर्षे ग्रीस नव्हते. गुंडी खोबणीत फिरत नसल्याने प्रत्येक वेळी वायरच तेथे वाकत होती. तिचे चार धागे तुटून काट्यासारखे उभे राहिले होते. मिस्त्री म्हणाले, "अजून आठ-धा दिवसांत तुटलीच असती. नशीब, घाटात न्हाई तुटली."

भाच्याने विचारले, "काका, चालत्या गाडीत तुटली तर काय करायचं?" त्यांनी नीट समजावले. घाबरून जायचे नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, दोन्ही ब्रेक हळूहळू लावत कडेला यायचे. जमेल तसा पायाने गिअर खाली आणायचा. थांबता थांबता इंजिन हिसका देऊन बंद पडेल, पडू द्यायचे. एवढे माहीत असले तरी जीव वाचतो.

नवी, त्याच मॉडेलची वायर एकशे नव्वद रुपयांना मिळाली. दांड्याचा बोल्ट काढून, जुने वाळलेले काळे ग्रीस रॉकेलने धुऊन, नवे बोटभर लावले. बोल्ट फार आवळला तरी दांडा जड होतो, म्हणून तो बेताचाच कसला. गुंडीला ग्रीस लावले. वायरमध्ये मात्र काही सोडले नाही. आतून नायलॉनचा थर असलेल्या नव्या वायरीत जाड ग्रीस भरू नये, त्यात धूळ बसून ती चिकट होते. साधी जुन्या पद्धतीची वायर असेल तर ती उभी टांगून वरच्या तोंडातून पातळ तेल खालून गळेपर्यंत सोडतात. मग वायर मानेजवळून मोठ्या, सैल वळणाने नेली आणि हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिले. दोन्हीकडे क्लच सारखाच लागला.

शेवटी ढील ठेवण्याचे काम. दांडा हलवल्यावर वायर ताणण्यापूर्वी त्याच्या टोकाला थोडी मोकळी चाल असावी लागते. पुष्कळ गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. ढील अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात आणि मग त्या खरोखरच जळतात. ढील फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडत पडतो, न्यूट्रल सापडत नाही. ॲडजस्टर फिरवून ढील बेताची करायची आणि चेक नट घट्ट करायचा.

मजुरीचे मिस्त्रींनी शंभर रुपये सांगितले. भाच्याने दांडा दाबला. दोन बोटांनी दाबला गेला. त्याने पुन्हा दाबला. मग तो काही न बोलता कृष्णेच्या बाजूला बघत उभा राहिला. जुनी वायर त्याने कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. "आईला दाखवतो," म्हणाला.

वाई सोडली की घाटाच्या पायथ्याशी पसरणी लागते. शाहीर साबळे या गावचे. त्यांच्या आवाजातले महाराष्ट्रगीत ऐकले नाही असे मराठी घर विरळा. गावापुढे घाट वर चढतो, तसे एका अंगाला कृष्णेचे खोरे उघडत जाते आणि धोम धरणाचे पाणी चमकताना दिसते. वळणे नागमोडी आहेत. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पुन्हा तिसरा असे गिअर सारखे बदलावे लागतात. भाचा गाणे गुणगुणत चालवत होता. पाचगणीत पोचलो तेव्हा त्याने आमच्या आधीच विचारले, "मामा, भिलार अजून किती लांब?" सकाळी कात्रजला त्याने विचारले होते, "मामा, परत जायचं का?"

भिलार पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून थोडे आत आहे. स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचे गाव झाले. ब्रिटनमधील वेल्सच्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली. राज्य मराठी विकास संस्था हा प्रकल्प चालवते. गावकऱ्यांनी आपल्या घरांत, लॉजमध्ये, देवळात पुस्तकांना जागा दिली. एका घरी कथा, दुसऱ्या घरी कविता, तिसरीकडे चरित्रे, कुठे मुलांची पुस्तके. कोणीही जावे, सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसावे, हवे ते पुस्तक काढून वाचावे. पैसे नाहीत. घरातली माणसे आपापल्या कामात असतात. एका घरात आजीबाई बाहेर स्ट्रॉबेरी निवडत होत्या आणि आत कपाटांत मराठी आत्मचरित्रांची रांग होती. "बसा, निवांत वाचा," एवढेच त्या म्हणाल्या.

आम्ही कपाटांची मापे घेतली, पुस्तके विषयवार कशी लावली आहेत ते वहीत टिपले. समाजमंदिराच्या खोलीत अशी दोन कपाटे सहज मावतील. भाचा कोपऱ्यात बसून एका जाड चरित्राची पाने चाळत होता. डावा हात पुस्तकाखाली होता आणि तो दुखत असल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते.

आज आपल्या वस्त्यावस्त्यांतून जुन्या गाड्या घेऊन मुले कामाला लागली आहेत. पार्सल, जेवणाचे डबे, औषधे पोचवून घरे चालवत आहेत. नवी गाडी परवडत नाही, त्यात कमीपणा नाही. पण जुनी गाडी घेताना मागच्या मालकाची हयगयही बरोबर येते, हे धरून चालावे. घेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून क्लच दाबून पाहावा, हँडल दोन्हीकडे वळवून पुन्हा दाबावा. कडक लागला तर क्रम असा ठेवावा : आधी दांडा आणि त्याचा बोल्ट, मग वायरची गुंडी, मग वायरचा मार्ग आणि बाक, मग वायर स्वतः, त्यानंतर इंजिनाकडचा आर्म. एवढे सगळे निर्दोष निघाले तरच इंजिन उघडू द्यावे. तेथे कोणी जास्त ताठ स्प्रिंगा घातलेल्या असू शकतात किंवा आर्मची आतली दांडी आणि बेअरिंग खराब झालेले असू शकते. स्वस्तापासून महागाकडे जावे. उलट गेले तर खिसा आधी रिकामा होतो आणि दोष तसाच राहतो.

आणि कोणी "सवय होईल" म्हणाले तर ते ऐकू नये. मनगटाला सूज येईपर्यंत सोसणे ही सवय नव्हे. मुलाच्या हाताला रात्री मुंग्या येत असतील, पकड सैल पडत असेल तर गाडीबरोबर हातही डॉक्टरांना दाखवावा.

सोमवारी सकाळी भाचा नेहमीप्रमाणे कामावर गेला. भिशीचे उरलेले अकरा हप्ते ताईने वेळेवर भरले. समाजमंदिराच्या खोलीत आता दोन कपाटे आहेत आणि रविवारी ते उघडायची किल्ली भाच्याकडे असते.